देवळाच्या पायरीवर

दुपारी ३ वाजता मॉर्निंग ड्यूटी सुटायची. हँडओव्हर देऊन आम्ही हॉस्पिटलच्या बसमध्ये बसलो की पुढच्या तीन-चार रांगांतून एकच गाणं थोड्या थोड्या अंतराने ऐकू यायला लागायचं. कुणाचा फोन दोन सेकंद पुढे, कुणाचा चार सेकंद मागे. कतारमधलं आमचं दोहा शहर फिलिपिन्सच्या मनिलाच्या ५ तास मागे आहे. आमच्या बसमध्ये दुपारचं ऊन असायचं आणि तिकडे रात्रीचे ८ वाजलेले असायचे. माझ्या वॉर्डातल्या, आयसीयूतल्या, ऑपरेशन थिएटरमधल्या फिलिपिनो नर्सेस माना खाली घालून फोनमध्ये बुडालेल्या. एरवी सगळ्यात जास्त आवाज याच रांगांचा असतो.

माझ्या शेजारी बसायची तिला मी आते म्हणते. आपल्याकडे आते म्हणजे वडिलांची बहीण. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला आते म्हणतात, आणि ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती लागुना प्रांतातल्या पिला नावाच्या गावची, मी मिरजेची. २०२२ च्या ऑक्टोबरात तिने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं आणि म्हणाली, "बघ. ही आपल्यातलीच आहे."

मालिकेचं नाव होतं ‘मारिया क्लारा आत इबार्रा’. ‘आत’ म्हणजे आणि. जीएमए वाहिनीवर ती ३ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, २४ फेब्रुवारी २०२३ ला संपली. एकूण १०५ भाग. कल्पना सुझेट दोक्तोलेरो यांची, दिग्दर्शन झिग दुलाय यांचं. ‘आपल्यातली’ म्हणजे मालिकेची नायिका क्ले. पूर्ण नाव मारिया क्लारा इन्फांतेस, पण त्या जुन्या नावाचा तिला कंटाळा, म्हणून क्ले. नर्सिंगची विद्यार्थिनी. घरात पैशांची ओढाताण, आईची काळजी, स्वतः काम करून शिकणारी. कोर्स संपवायचा आणि परदेशी नोकरी धरायची, एवढं एकच तिच्या डोळ्यांपुढे. आणि कॉलेजात तिला होसे रिसाल या राष्ट्रपुरुषावरचा सक्तीचा विषय शिकावा लागतो. तिचा प्रश्न सरळ आहे: शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या वाचून मला सलाईन नीट लावता येणार आहे का?

बसमधल्या प्रत्येक मुलीने हा प्रश्न कधी ना कधी विचारला होता. आतेने तर तो वर्गात उभं राहून विचारला होता, असं तिनेच सांगितलं. मग क्लेच्या हाती तिचे प्राध्यापक एक जुनं पुस्तक देतात, आणि ती त्या पुस्तकात ओढली जाते. अक्षरशः. डोळे उघडते तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या, स्पॅनिश अमलाखालच्या फिलिपिन्समध्ये असते, आणि भोवती त्या कादंबरीतली माणसं असतात.

ते पुस्तक म्हणजे रिसालची ‘नोली मे तांगेरे’. १८८७ मध्ये बर्लिनमध्ये छापली गेली तेव्हा लेखक २५ वर्षांचा होता. डोळ्यांच्या विकारांचं शिक्षण घेत युरोपात फिरणारा, एका वेळेच्या जेवणावर दिवस काढणारा. छपाईला पैसे नव्हते. माक्सिमो व्हिओला या मित्राने ३०० पेसो दिले आणि २,००० प्रती निघाल्या. खर्च आटोक्यात राहावा म्हणून रिसालने ‘एलियास आणि सालोमे’ हे प्रकरणच काढून टाकलं. पैशांअभावी गाळलेल्या त्या पानांचा विचार मी बरेचदा करते. घरी पाठवायच्या पैशांचा हिशेब मांडताना काय काय गाळावं लागतं हे परदेशात राहणाऱ्या माणसाला चांगलं ठाऊक असतं.

दुसरी कादंबरी, ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’, थोडक्यात ‘फिली’, १८९१ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात निघाली. १८७२ मध्ये मनिलात गळा आवळून मारलेल्या गोमेस, बुर्गोस आणि सामोरा या तीन देशी धर्मगुरूंना ती अर्पण केली आहे. आणि ३० डिसेंबर १८९६ ला खुद्द रिसालला मनिलात गोळ्या घातल्या. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता.

हे सगळं मला आतेने सांगितलं. पुढे मीही वाचलं. पण मालिकेने मला धरून ठेवलं ते या माहितीमुळे नव्हे. कादंबरीच्या नावामुळे. ‘नोली मे तांगेरे’ हे लॅटिन शब्द बायबलातले. पुनरुत्थानाच्या सकाळी येशू मग्दालियाच्या मरियेला म्हणतो ते. माझी आजी ते वाक्य ‘मला शिवू नको’ असं म्हणायची. आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आया होती. तिला वाचायला शिकवलं मिशनच्या बायकांनी, आणि आयुष्यभर तिने एकच पुस्तक वाचलं. शुभवर्तमानाच्या त्या जागेवर आली की तिचा आवाज जरा थांबायचा. आमच्या घरात ‘शिवू नको’ या दोन शब्दांना दुसराही एक इतिहास आहे. ते शब्द आजीने गावात, पाणवठ्यावर, लहानपणी ऐकले होते, आणि ते येशूच्या तोंडी यावेत हे तिला कधीच पचलं नाही. ती म्हणायची, "त्याच्या जखमा दुखत असतील गं. म्हणून म्हणाला तो."

रिसालने अर्पणपत्रिकेत काय लिहिलंय ते आतेने मला सांगितलं तेव्हा आम्ही वॉर्डातल्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी उभ्या होतो. मानवी दुखण्यांच्या इतिहासात असा एक कर्करोग आहे की नुसत्या स्पर्शानेही तो चिघळतो, जीवघेण्या कळा देतो. माझ्या देशाला तसा रोग झाला आहे, असं रिसाल म्हणतो. आणि मग म्हणतो, जुन्या काळी लोक आपला रुग्ण देवळाच्या पायऱ्यांवर आणून ठेवत, म्हणजे देवाला येणारा-जाणारा प्रत्येक जण काही ना काही उपाय सुचवेल. मीही तसंच करतो आहे.

मी त्या दिवशी घरी जाऊन आजीच्या जुन्या बायबलाचा फोटो भावाकडून मागवला. आजी बरोबर होती. निदान रिसाल तरी तिच्या बाजूचा होता. ‘शिवू नको’ हे जखमेचं बोलणं होतं.

मग मला क्ले नर्सिंगचीच विद्यार्थिनी का, हे एकदम उमगलं. दोक्तोलेरो यांनी तिला वकिलीची, इतिहासाची, पत्रकारितेची विद्यार्थिनी करता आली असती; भाषणं लिहायला सोपं गेलं असतं. त्यांनी तिला अर्धवट शिकलेली नर्स केलं. जिला मेलेल्या भाषांत रस नाही, पण समोर रक्त दिसलं की हात आपोआप पुढे जातो अशी मुलगी. ज्याला कुणी हात लावू नये असं दुखणं, त्या दुखण्याच्या आत त्यांनी हात लावण्याचं शिक्षण घेतलेली मुलगी पाठवली. तिथल्या लेखांत आणि चर्चांत काळप्रवास, प्रेमकथा, राष्ट्रवाद असं बरंच येतं. माझ्या लेखी सगळी मालिका या एका निवडीवर उभी आहे.

दोक्तोलेरो या क्षेत्रात नवख्या नव्हत्या. २००५ ची ‘एन्कान्तादिया’ ही अद्भुत राज्यांची मालिका त्यांची, आणि स्पॅनिश यायच्या आधीच्या काळातली, २०११ ची ‘अमाया’ही त्यांचीच. म्हणजे अद्भुत आणि इतिहास ही दोन्ही अंगं हाताखालून गेलेली. पण रिसालच्या कादंबऱ्यांना हात लावणं वेगळं. तिथे त्या नववीत आणि दहावीत शिकवल्या जातात आणि कॉलेजात रिसालवर स्वतंत्र विषय असतो. १९५६ चा कायदाच आहे तसा. तो कायदा होताना कॅथलिक चर्चने कडाडून विरोध केला होता, कारण कादंबऱ्यांतले खलपुरुष पाद्री आहेत. सिनेटर क्लारो रेक्तो यांनी किल्ला लढवला आणि अखेर कायदा झाला, कॉलेजात न कापलेली आवृत्ती वाचायची या अटीसह. इतकं भांडून वर्गात आणलेलं पुस्तक, आणि वर्गात आल्यावर त्याचं काय झालं? प्रश्नोत्तरं झालं. पात्रांची नावं, प्रकरणांचा सारांश, रिकाम्या जागा भरा. सक्तीने वाचायला लावलेल्या पुस्तकाचं काय होतं हे आपल्यालाही सांगायला नको.

मालिकेने यावर काढलेला तोडगा भाषेत आहे, आणि तो कळायला मला बरेच आठवडे लागले. आते भाषांतर करत असायची, पण मध्येच थांबून हसायची आणि तिला सांगता यायचं नाही की हसली का. हळूहळू कानाला फरक कळला. कादंबरीतले नायक-नायिका, इबार्रा आणि मारिया क्लारा, बोलतात ती जुनी, घडीव तागालोग, म्हणजे तिकडची भाषा. पाद्री आणि साहेब लोक मधूनच स्पॅनिश झाडतात. आणि क्ले बोलते आजच्या मनिलाच्या कॉलेजातल्या पोरींसारखं, निम्मं तागालोग, निम्मं इंग्रजी, मधे चावट शब्द. ती तोंड उघडते आणि समोरच्यांच्या भुवया वर जातात. सुरुवातीला त्यातून विनोद होतो. पण पुढे पुढे त्यातून मोठं काम होतं. घडीव भाषेतल्या ज्या अन्यायाकडे वर्गातलं पोरगं जांभई देत बघायचं, तोच अन्याय बघून क्ले त्याच्याच बोलीत ओरडते. बाईमाणसाला असं का बोलता? लहान पोराला का मारता? बार्बी फोर्तेसाने ही भूमिका केली आहे. तिचा चेहरा कुठलाही विचार लपवत नाही. अशा नटीला बहुतेक वेळा हलक्याफुलक्या भूमिका मिळतात. इथे तोच उघडा चेहरा मालिकेचा कणा झाला.

ऐकता ऐकता मला आणखी एक गंमत सापडली. तागालोगमध्ये चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात. शिक्षकाला ‘गुरो’. आशेला ‘आसा’. आणि दरिद्री माणसाला ‘दुखा’. कुठल्या शतकात, कुठल्या गलबतावर बसून हे शब्द तिकडे गेले असतील! वरून स्पॅनिशांचे ‘साबोन’, ‘पाद्रे’, ‘तुवाल्या’, जे आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणले: साबण, पाद्री, टुवाल. आते आणि मी बसमध्ये हा खेळ खेळायचो. एकदा ती म्हणाली, "म्हणजे तुमचं दुःख आमच्याकडे आलं आणि गरीब झालं." मी तिला म्हटलं, आमच्याकडेही ते फार श्रीमंत नव्हतं.

आता सिसा. तिच्यावर थोडं थांबते.

सिसा ही ‘नोली’मधली गरीब आई. नवरा जुगारी, मारकुटा. तिची दोन लहान मुलं, क्रिस्पिन आणि बासिलियो, चर्चमध्ये घंटा वाजवायच्या कामाला असतात. क्रिस्पिनवर चोरीचा आळ येतो, त्याला मारहाण होते, आणि तो पुन्हा घरी येत नाही. शिपाई सिसाला धरून गावातून नेतात. कादंबरीत ती त्यांची विनवणी करते की मला थोडी पुढे एकटी चालू द्या, म्हणजे लोकांना वाटणार नाही मला धरून नेताहेत. पुढे ती वेडी होते. फिलिपिन्समध्ये भ्रमिष्ट बाईला आजही ‘सिसा’ म्हणून हिणवतात, असं आते म्हणाली.

मालिकेत आंद्रेआ तोरेस सिसा झाली आहे. ती वेडी होण्याआधी तिच्या डोळ्यांत एक प्रकारची घाई येते. घरभर काहीतरी शोधत राहते. मुलांसाठी राखून ठेवलेलं जेवण झाकते, उघडते, पुन्हा झाकते. ही घाई मी पाहिलेली आहे, वॉर्डच्या दाराबाहेर बसलेल्या आयांमध्ये. त्या पदर नीट करतात, पिशवीतली फळं मोजतात, पुन्हा मोजतात. त्या भागाच्या दिवशी बसमध्ये कुणी नाकसुद्धा शिंकरलं नाही. क्वार्टर्सपाशी बस थांबली तरी उठेना कुणी, आणि ड्रायव्हर, केरळचा होता, आरशात बघत राहिला, हॉर्न न वाजवता.

रात्री आते माझ्या खोलीत आली. तिने सांगितलं, रिसाल लहान असताना त्याच्या आईला, तेओदोरा आलोन्सोला, खोट्या आरोपाखाली पकडलं होतं आणि कालाम्बापासून सांताक्रूझपर्यंत चालवत नेलं होतं. सुमारे ५० किलोमीटर. "सरोवराच्या काठाकाठानं जो रस्ता जातो ना, त्यावर आमचं पिला आहे," आते म्हणाली. "ती आमच्या गावावरून गेली असणार. शाळेत हे सांगितलं होतं मला. परीक्षेतही आलं होतं, किती किलोमीटर म्हणून. मी पन्नास लिहिलं. मार्क मिळाले. ती माझ्या घरासमोरून गेली, हे मला आज कळलं."

पुढे रिसालने आपल्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, स्वतःच्या हातांनी. हे मात्र आतेला आठवत होतं. नर्सिंगच्या मुलींना ते आठवतंच, ती म्हणाली.

पाद्र्यांविषयी लिहिताना माझा हात जरा अडखळतो. माझ्या आजीच्या हातात पुस्तक आलं ते मिशनमुळे. मी नर्स झाले त्याची मुळंही तिथेच आहेत. आणि या मालिकेत पाद्रे दामासो आहे: तिर्सो क्रूझ तिसरे यांनी उभा केलेला, गावातल्या प्रत्येक घरात आपला हात घालणारा, तोंडाने देव आणि हाताने काठी. पाद्रे साल्व्ही आहे, हुआंचो त्रिव्हिन्योने केलेला. तो आवाजही चढवत नाही, नुसता बघतो, आणि अंगावर शहारा येतो. तिकडच्या प्रेक्षकांनी त्या नटाचं मनापासून कौतुक केलं ते त्याचा मनापासून तिरस्कार करून. मी पाहताना पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत होते, माझ्या आजीचा देव आणि याचा देव एकच कसा?

आतेला हा प्रश्न पडत नव्हता, किंवा पडून गेला होता. ती पक्की कॅथलिक. दोह्यात प्रार्थना शुक्रवारी असते, शहराबाहेरच्या संकुलात, आणि ती एकही शुक्रवार चुकवत नाही. १६ डिसेंबरपासून नाताळच्या आधीच्या नऊ प्रार्थना सुरू झाल्या तेव्हा शहरात वर्ल्डकप संपत आला होता, रस्ते तुंबलेले, आमच्या जादा ड्यूट्या लागलेल्या, तरी ही गेली. बसमध्ये दामासोला शिव्या आणि संध्याकाळी प्रार्थना. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "रिसालने देवाला कुठे काय म्हटलंय? त्याने दुखणं दाखवलं. दुखणं दाखवणारा डॉक्टर शत्रू असतो का?" १८८७ मध्येच मनिलाच्या विद्यापीठातल्या धर्मगुरूंच्या समितीने पुस्तक पाखंडी ठरवलं होतं. त्यांनाही कुणीतरी हा प्रश्न विचारायला हवा होता.

आणि मारिया क्लारा. ज्युली ॲन सान होसेने ती केली आहे. ती मुळात गायिका, आणि बसमध्ये वाजायचं ते शीर्षकगीतही तिचंच. मारिया क्लारा म्हणजे ‘नोली’ची नायिका, सोशीक, लाजाळू, गुणी, शेवटी मठात कोंडली जाणारी. तिकडे ती स्त्रीचा आदर्श होऊन बसली. तिच्या नावाचा पेहराव आहे, तिच्या नावाने मुलींना वळण लावतात. लेखिका कार्मेन गेरेरो नाकपिल यांनी फार पूर्वीच लिहिलं होतं की शंभर वर्षांत फिलिपिनो स्त्रीवर ओढवलेलं सर्वांत मोठं दुर्दैव म्हणजे मारिया क्लारा. इतकंच काय, न्यायालयातही ती शिरली होती. बलात्काराच्या खटल्यांत ‘फिलिपिनो स्त्री लाजाळू असते, तेव्हा घडल्याशिवाय ती असं बोलणारच नाही’ हे गृहीतक १९६० पासून चालत आलं. वरवर बाईच्या बाजूचं, पण जी बाई मारिया क्लारासारखी नसेल तिचं काय? २०१८ च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मारिया क्लाराचं नाव घेऊन सांगितलं की हा साचा आता सोडायला हवा.

मालिकेने एकाच नावाच्या दोन मुली समोरासमोर आणल्या. आजची मारिया क्लारा, जिला स्वतःचं नाव नको आहे, आणि कालची, जिला नावाखेरीज काहीच स्वतःचं नाही. क्ले तिला शिकवते, हे ठीकच. पण मला भावलं ते उलट दिशेचं. मारिया क्लारा सोसते कशी, आतून किती घट्ट आहे, हे क्लेला दिसू लागतं आणि तिची घाई ओसरते. दोघी मैत्रिणी होतात. कादंबरीत मारिया क्लाराला असं कुणी मिळालंच नव्हतं. रिसालने १८८९ मध्ये मालोलोस गावच्या तरुण मुलींना पत्र लिहिलं होतं. स्पॅनिश शिकायला रात्रीची शाळा हवी म्हणून त्या २० जणींनी थेट गव्हर्नरकडे अर्ज केला होता, आणि रिसालला त्यांचं फार अप्रूप वाटलं. त्या २० जणींमधली एखादी ‘नोली’ लिहिताना त्याला ठाऊक असती तर? मालिकेने ती जागा भरून काढली असं मला वाटतं.

मिरजेच्या शाळेत आम्हाला ह. ना. आपट्यांच्या यमूबद्दल शिकवलं होतं. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ‘करमणूक’मध्ये यायला लागली ती १८९० मध्ये, ‘नोली’ आणि ‘फिली’च्या मधोमध. यमूचं केशवपन होतं त्या प्रकरणात आजची एखादी मुलगी शिरली असती तर तिने काय केलं असतं, याचा विचार मी त्या हिवाळ्यात कितीदा केला. आपल्याकडे ऐतिहासिक मालिका पुष्कळ होतात, लोक भक्तिभावाने बघतात. पण बहुतेकींत बघणाऱ्याने हात जोडून लांब बसायचं असतं. आत जाऊन कुणाचा हात धरायची मुभा नसते.

दोष आहेत. क्लेचा आणि फिदेलचा प्रेमधागा मधल्या भागात इतका फुगतो की नावातला इबार्रा पाहुणा वाटायला लागतो. फिदेल हे मालिकेने घडवलेलं पात्र, डेव्हिड लिकाउकोने केलेलं. लोकांनी या जोडीला ‘फिले’ नाव दिलं आणि लिकाउको ‘राष्ट्राचा सद्गृहस्थ’ झाला. आमच्या बसमधल्या निम्म्या मुली याच जोडीसाठी बघत होत्या, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. फिदेलच्या बोटाला धरून त्या सिसापर्यंत पोचल्या. मात्र ‘फिली’च्या वाट्याला मालिकेत वेळ कमी आला, याची मला खरी हळहळ आहे. ‘नोली’तला आशावादी इबार्रा ‘फिली’त जवाहिऱ्या सिमोन होऊन परततो, सूडाने काळवंडलेला. डेनिस ट्रिलो दोन्ही करतो आणि दुसऱ्या रूपात मोठा नट दिसतो. तो सिमोन सावकाश उकलायला हवा होता. घाई झाली.

तरीही तिकडे हे वारं फार मोठं होतं. रोज रात्री समाजमाध्यमांवर मालिकेचीच चर्चा. शिक्षक वर्गात तिचे तुकडे दाखवू लागले, पोरं कादंबरी उघडून बघू लागली की हे खरंच असं आहे का. काळही तसा होता. त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली होती आणि जुन्या हुकूमशहाचा मुलगा निवडून आला होता. सप्टेंबरात लष्करी कायद्याच्या घोषणेला ५० वर्षं झाली. इतिहासात काय घडलं यावरून घराघरात भांडणं लागलेली. आतेचं आणि तिच्या भावाचं तीन महिने बोलणं बंद होतं. वर हायस्कूलमधून फिलिपिन्सचा इतिहास हा वेगळा विषय २०१४ पासून निघून गेलेला. अशा वेळी रात्री ८ वाजता, भात-मासळीच्या ताटासमोर, कुणीतरी तो रुग्ण पुन्हा पायरीवर आणून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून. आतेचा भाऊ सौदीत वेल्डर आहे. तोही बघत होता. सिसाच्या भागानंतर त्याने तिला मेसेज पाठवला, त्यात फक्त रडणारं एक तोंड होतं. तिने तो मला दाखवला आणि मग भावाला फोन लावला.

शेवटचा भाग शुक्रवारी आला. आतेला त्या दिवशी प्रार्थनेहून परतायला उशीर झाला, म्हणून आम्ही रात्री एकत्र पाहिला, तिच्या खोलीत, सहा जणी दोन पलंगांवर. शेवट इथे सांगत नाही; ज्यांना बघायची आहे त्यांनी बघावी. एप्रिलमध्ये मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि मी ती इंग्रजी अक्षरांच्या मदतीने पहिल्यापासून पुन्हा पाहिली. तेव्हा कळलं, आते भाषांतर करताना बरंच काही स्वतःचं घालत होती. तिची मालिका मला अजूनही जास्त आवडते.

जूनमधली गोष्ट. आतेची मुलगी तेव्हा नववीत होती, पिलाला आजीकडे. वर्षाच्या शेवटच्या सत्रात त्यांना ‘नोली’ असते. आते इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून उद्याचा गणवेश करत होती, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मी माझे कपडे घेऊन रांगेत बसले होते. मुलगी धडा मोठ्याने वाचत होती, शाळेत वाचतात तसं, सुरात, पूर्णविरामापाशी श्वास घेत. सिसाचं प्रकरण. अर्थ मला लागत नव्हता. मधूनच एखादा शब्द ओळखीचा यायचा. मुखा. थोड्या वेळाने, दुखा.

मुलगी एका ठिकाणी थांबली आणि तिने काहीतरी विचारलं. आतेने इस्त्री उभी करून ठेवली. मग ती बराच वेळ बोलत राहिली, हाताने हवेत सरोवर काढत, त्याच्या काठाने रस्ता काढत, आणि त्या रस्त्यावर बोट टेकवून थांबली. पलीकडे पिलाच्या घरात मुलगी उठली, फोन हातात घेऊन दारापर्यंत गेली, आणि तिने बाहेरचा रस्ता आईला दाखवला. तिकडे रात्र होती. एक ट्रायसिकल गेली, तिचा दिवा दिसला, मग काही दिसेना.